बावीस मिनिटं

नात्यातल्या एका लग्नात एका काकूंनी मला विचारलं, "तू नेमकं करतेस काय गं?"

या प्रश्नाला मी तोवर बरीच उत्तरं देऊन पाहिली होती. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हटलं की लोक त्यांचा बिघडलेला प्रिंटर दाखवतात. 'सिक्युरिटीत आहे' म्हटलं की गणवेशाबद्दल विचारतात. म्हणून त्या दिवशी सोपं करून सांगितलं, "भोकं बुजवते."

काकूंचा चेहरा उजळला. "बरी भेटलीस! आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक आहे, त्यात दोनदा स्कूटर गेली. त्याचं कुणाला सांगायचं?"

बेंगळूरमध्ये राहून हा शब्द वापरला, ही माझीच चूक. काकूंना महापालिकेचा नंबर शोधून दिला आणि जेवायला गेले.

म्हणून आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'तुझ्या कामावर लिही, पण आम्हाला कळेल असं' असा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. एक तर माझं मराठी घरातलं. शाळा कन्नड, कॉलेज इंग्रजी, देवनागरी शिकले ती हिंदीच्या तासाला. आमचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आले म्हणतात, पण कशासाठी आले हे विचारलं तर घरात तीन जण तीन गोष्टी सांगतात. हा लेख मी अम्माला वाचून दाखवला. तिनं चार ठिकाणी थांबवून "असं म्हणतात का?" असं विचारलं. ती चारही वाक्यं मी काढून टाकली आहेत. बाकीची जबाबदारी माझी.

आता काम. फोन असो, बँकेचं यंत्र असो की विमानतळावरचा फलक, आत एक मूळ प्रणाली असते. तिच्या अगदी गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नल म्हणजे काय, हे मी कॉलेजात चार वर्षं शिकले, पण मला खरं कळलं ते माझ्या चिक्कम्मामुळे, म्हणजे मावशीमुळे. आमच्याकडे लग्नात कल्याण मंडपातल्या कोठीच्या खोलीला उग्राण म्हणतात. तूप, साखर, नारळ, केळीची पानं, आहेराची ताटं, सगळं तिथं. किल्ली एकाच माणसाकडे, आणि आमच्या घराण्यात ते माणूस म्हणजे चिक्कम्मा. आचारी असो, नवऱ्याकडचे असोत की भटजी, कुणी आत पाय टाकायचा नाही. दारात उभं राहून मागायचं, ती बघेल आणि देईल. फोनमधली सगळी ॲपं अशीच दारात उभी असतात. कर्नल ही चिक्कम्मा.

भोक कसं पडतं? समजा, आचाऱ्याला चिक्कम्मानं तिसऱ्या फळीवर जागा दिली आणि तशी चिठ्ठी दिली. त्याचं काम झालं, त्यानं जागा सोडली. पण चिठ्ठी परत घ्यायची चिक्कम्मा विसरली. तासाभरानं त्याच फळीवर नवरीचे दागिने ठेवले गेले. आचारी येतो, जुनी चिठ्ठी दाखवतो, आणि चिक्कम्मा म्हणते, "हो, तिसरी फळी तुझीच." बस. कर्नलमधली निम्मी तरी भोकं मला अशीच भेटली आहेत. ती चिठ्ठी नेमकी कुठल्या ओळीत परत घ्यायची राहिली, हे लाखो ओळींत शोधायचं आणि तिथं एक-दोन ओळी लिहायच्या, ही माझी नोकरी. कधी कधी तीन आठवड्यांच्या कामातून एकच ओळ निघते. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे आजही पटत नाही. ते पीण्याला, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, एका छोट्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. दिवसाला पाचशे नग तपासायचे. "एक ओळ?" ते विचारतात. "आणि त्याला व्हाइटफील्डच्या ऑफिसापर्यंत जावं लागतं?"

आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकं म्हणजे भोक सापडल्याचं कळवणारे लोक. यातले बरेच जण फार हुशार असतात, आणि काही जण नुसतेच उत्साही. एका गृहस्थांनी अत्यंत गंभीर धोका म्हणून कळवलं होतं की, ज्याला मुख्य पासवर्ड माहीत आहे तो सगळं पुसू शकतो. मी त्यांना दोन पानी नम्र उत्तर लिहिलं. माझ्या शेजारी बसणारा फिरोज म्हणाला, "यांना एवढंच लिही, ज्याच्याकडे घराची किल्ली आहे तो घरात शिरू शकतो." दुसऱ्या एकानं नऊ मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. ढोल वाजत होते, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं धावत होती, आणि शेवटी 'धन्यवाद' असं आलं. भोक कुठं ते आलंच नाही.

अलीकडे तर यंत्राकडून लिहून घेतलेली पत्रं येतात. इतकी सभ्य, इतकी मुद्देसूद, की वाचताना बरं वाटतं. अशा एका पत्रात ज्या भागात दोष आहे असं लिहिलं होतं, तो भाग शोधण्यात मी दोन दिवस घालवले. तो भाग अस्तित्वातच नव्हता. फिरोजला हे पहिल्या तासातच कळलं होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इतकी मनापासून शोधत होतीस, मला वाईट वाटलं."

हे मनापासून करण्याचं जरा सांगायला हवं, कारण पुढची गोष्ट त्यातूनच घडली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. ज्यांच्या घरातलं आधी कुणी गेलेलं असतं त्यांना कुठला नियम पाळायचा आणि कुठला नुसता ऐकून सोडून द्यायचा हे माहीत असतं. मला माहीत नव्हतं, म्हणून मी सगळेच पाळले. पहिल्या वर्षी वसतिगृहाच्या सूचनापत्रात 'बादली आणावी' असं होतं. मी वसतिगृहात राहत नव्हते, तरी बादली घेऊन गेले होते. नोकरीतही तेच. आमच्या कामाचे नियम लांबलचक आहेत, आणि बहुतेक लोक ते अडलं की उघडतात. मी पहिल्या आठवड्यात छापून घेऊन पेन्सिलनं खुणा करत वाचले.

त्यातला एक नियम असा, की दुरुस्ती लिहून झाली की ती संबंधितांना मेलनं पाठवायची. कोण कोण संबंधित, हे आपण ठरवायचं नाही. त्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, आहे. ती फाईल बघते आणि नावांची यादी काढून देते. ती यादी जशीच्या तशी घालायची, कुणाला वगळायचं नाही. हा नियम मला फार आवडला. आमच्याकडे लग्नपत्रिका द्यायची राहिली तर दोन पिढ्या बोलणं बंद होतं. इथं आपलं काम यंत्र करतंय, कुणी राहणारच नाही!

दुसरा नियम याच्या उलटा आहे. भोक मोठं असेल तर दुरुस्ती आधी सगळ्यांना दाखवायची नाही. कारण दुरुस्तीच सांगते की भोक कुठं आहे. बुजवायला आलेल्या गवंड्याच्या मागं चोरानं चालत जावं, तसं. म्हणून पाच-सहा माणसांत गुपचूप काम करायचं, एक तारीख ठरवायची, आणि त्या दिवशी सगळ्यांनी एकदम दुरुस्ती बाहेर काढायची. तोवर तोंड बंद. दुरुस्तीसोबत जी टीप लिहितो, तीही मुद्दाम मिळमिळीत लिहायची. 'घराचं दार उघडं राहत होतं' असं नाही, तर 'बिजागरी नीट केली'.

नोकरीच्या सहाव्या वर्षी असं एक मोठं भोक माझ्याकडे आलं. कळवणारा माणूस स्वतःचं नाव सांगत नव्हता, सही म्हणून फक्त 'क' लिहायचा. पण त्याचं पत्र पाहूनच कळलं की हा ढोलवाला नव्हे. फोनमधलं कुठलंही साधं ॲप, अगदी टॉर्चचं, सगळ्या फोनचं मालक होऊ शकत होतं. आमच्या गटाच्या प्रमुख जयलक्ष्मी मॅडम. मैसूरच्या, कपाळावर मोठं कुंकू, कामात कडक. त्यांनी पत्र वाचलं, मला बोलावलं आणि म्हणाल्या, "रेणुका, हे तू कर. नावही तुझंच जाईल." मी "मला जमेल का" म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "विचारलं नाही मी."

चार दिवसांत दुरुस्ती झाली. पहिली प्रत मॅडमनी स्वतः पत्ते टाइप करून पाच जणांना पाठवली. बाहेर काढायची तारीख ठरली पुढच्या आठवड्यातली, गुरुवारची. युरोपातले एक देखभालकर्ते, म्हणजे त्या भागाचे अखेरचे जबाबदार, त्यांनी एक ओळ बदलायला सांगितली. ती बदलून, ठरलेल्या तारखेच्या नऊ दिवस आधी, मंगळवारी सकाळी दुसरी प्रत मला पाठवायची होती.

मी ओळ बदलली. तीनदा तपासली. मग सवयीनं स्क्रिप्ट चालवली. तेरा नावं आली. पहिल्या प्रतीला पाच होती, आता तेरा, याचा अर्थ मला असा लागला की मॅडमकडून काही जण राहिले होते. मनातून थोडा अभिमानच वाटला. अकरा वाजून चोवीस मिनिटांनी पाठवलं आणि कॉफी आणायला गेले.

परत आले तर माझंच पत्र मला आलेलं. ते गुप्त फोल्डरमध्ये नाही, तर उघड्या यादीच्या फोल्डरमध्ये आलं होतं. ही उघडी यादी म्हणजे सगळ्यांचा एक सामाईक मेल-पत्ता; त्यावरची पत्रं जगात कुणीही वाचू शकतं, हजारो लोक वाचतात, आणि तिच्यावर आलेलं प्रत्येक पत्र त्याच मिनिटाला ठिकठिकाणी साठवलं जातं. तेरा नावांतलं अकरावं नाव त्या यादीचं होतं.

हातातला कप मी खाली ठेवला ते आठवतं. कुठं ठेवला ते आठवत नाही, कारण नंतर तो सापडला नाही.

पाठवलेलं परत घेता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी काही उपाय आहे का ते शोधलं. मग ते कुठं कुठं साठवलं गेलंय ते बघितलं, तीन ठिकाणी दिसलं, चौथं बघायचं धाडस झालं नाही. तोंड धुऊन आले. फिरोजनं माझ्या स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ओरडू नकोस," तो हळूच म्हणाला. "टीप काय लिहिली होतीस?"

"मिळमिळीत. हिशेब नीट ठेवला, एवढंच."

"मग गप बस. दिवसाला हजार पत्रं येतात तिथं. कोण वाचतंय? तू बोंब मारलीस तर मात्र सगळे वाचतील."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच अडचण होती. गप बसणं हे शहाणपणाचंही असू शकत होतं. मी स्वतःला तेच सांगत राहिले, की मी लपवत नाहीये, मी धोका वाढवत नाहीये. पण खरं सांगायचं तर मला फोनवाल्या कोट्यवधी लोकांची काळजी वाटत नव्हती. मला एवढंच दिसत होतं की मॅडम म्हणाल्या होत्या, नाव तुझंच जाईल.

मी गुप्त गटाला पत्र लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात 'कदाचित अनवधानानं तसं झालेलं असण्याची शक्यता आहे' असं होतं. दुसऱ्यात स्क्रिप्टचा दोष होता. तिसरा इतका लांब झाला की त्यात माझं कॉलेजही आलं. सातवा असा होता: 'दुसरी प्रत मी ११:२४ ला उघड्या यादीला पाठवली. चूक माझी. आता काय करू?' तो पाठवला तेव्हा ११:४६ झाले होते.

मग मॅडमच्या टेबलाशी गेले. त्यांनी तोवर वाचलं होतं.

"अय्यो," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "सरी, ठीक आहे. खुर्ची ओढ. रडायचं असेल तर पाच मिनिटं देते, त्यानंतर काम आहे."

मी म्हटलं, रडायचं नाहीये. ते खोटं होतं.

युरोपात तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते. देखभालकर्त्यांचं उत्तर आलं, दोन ओळींचं. 'कळलं. उद्याच काढू. रेणुका, जुन्या सहा आवृत्त्यांमध्ये ही दुरुस्ती नीट बसते का ते तू बघ.' मी ते चार वेळा वाचलं. शिव्या कुठं आहेत ते शोधत होते. दिलं होतं ते फक्त काम. मला वाटतं, आयुष्यात मला कुणी दिलेली ही सगळ्यात मोठी सूट आहे, आणि त्यांना ती दिल्याचं ठाऊकही नसेल.

दुपारी सव्वादोनच्या सुमारास उघड्या यादीवर एका वाचकानं माझ्या पत्राला उत्तर दिलं. 'नुसता हिशेबच नीट करताय ना? यातून कुठलंही ॲप आत शिरू शकेल असं दिसतंय, नाही का?' म्हणजे कुणीतरी वाचतच होतं. फिरोज ते वाचून माझ्याकडे आला, डब्यातला दहीभात माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "मी सकाळी काही बोललो असेन तर ते विसर." तोवर आमचं अडीच तासांचं काम झालं होतं. ते अडीच तास गप बसून गेले असते.

नऊ दिवसांचं काम सगळ्यांनी एका दिवसात उरकलं. बुधवारी दुपारी तीनला दुरुस्ती जगभर बाहेर पडली. 'क' ला मी वेगळी माफी मागितली. त्याची मेहनत, त्यानं गुरुवारची वाट बघितलेली, आणि मी सगळं विस्कटलं. त्याचं उत्तर आलं: 'बुधवारही वार आहे.' एवढंच. त्याचं खरं नाव मला आजवर कळलं नाही.

नंतर काय चुकलं याचा अहवाल लिहायचा असतो. मी लिहिलं, 'अभियंत्याचा निष्काळजीपणा.' मॅडमनी ते खोडलं. "निष्काळजी? तू? तू नियम इतक्या काळजीनं पाळलास की डोळे मिटलेस. तसं लिही." आता ती स्क्रिप्ट आमच्या कंपनीत नावं काढण्याआधी विचारते, 'हे गुप्त आहे का?' आणि उत्तर पूर्ण शब्दात टाइप केल्याशिवाय पुढं जात नाही. सगळे वैतागतात. ती सोय मी केली, हे फारसं कुणाला माहीत नाही. आता हा अंक ऑफिसातल्या कुणी वाचला तर होईल.

त्या रविवारी दुपारी जेवताना मी घरी सांगितलं. अम्मा सारू वाढत होती. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या पद्धतीनं विचारलं, "रिजेक्शन किती निघालं?"

"म्हणजे?"

"मंगळवार ते बुधवार. किती जणांचं नुकसान झालं?"

"कळत नाही अप्पा."

"कळत नाही? मोजलं नाहीत तुम्ही?"

"मोजता येत नाही. कुणी त्या भोकातून शिरलं असेल तर ते सांगायला येत नाही. ज्याचं गेलं, त्यालाही कळलं नसेल. कदाचित कुणीच शिरलं नसेल. मला कधीच कळणार नाही."

कारखान्यात चुकलेला नग लाल पेटीत पडतो, संध्याकाळी मोजता येतो. माझ्या कामाला लाल पेटी नाही. हे मी त्यांना समजावत होते, तर ते मधेच म्हणाले, "सांगितलंस किती वेळानं?"

हाच प्रश्न मला नको होता. बाकी सगळं मी पुन्हा कुणालाही सांगेन, पण त्या वेळेची मला लाज वाटत होती. "बावीस मिनिटांनी," मी म्हटलं, आणि ताटाकडे बघत राहिले.

अम्मानं विचारलं, "आणखी स्वल्प सारू?" अप्पांनी हात आडवा धरला.

"बसच्या ब्रेकच्या पिना करायचो आम्ही," ते म्हणाले. "एकदा लॉट गेला टेंपोत. दोनशे नग. दुपारी मला दिसलं की माझं मापायचं गेज झिजलंय. झिजलेल्या गेजला चुकीचा नगही बरोबर वाटतो. मी नवीन गेज काढलं आणि पुढचा लॉट तपासायला घेतला."

"मग? मालकांना सांगितलंत?"

"मालक चांगले होते. ओरडले असते, टेंपो परत बोलावला असता, बस." त्यांनी भात कालवला, पण खाल्ला नाही. "तू बावीस मिनिटं म्हणालीस. मला अठ्ठावीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा बोलतोय."

अम्मा पळी हातात धरून तशीच उभी होती. तिलाही माहीत नव्हतं.

"काही झालं का अप्पा, त्या पिनांचं?"

"कळत नाही," ते म्हणाले. "बस थांबते तेव्हा ऐकतो मी. आवाज नीट आला की बरं वाटतं, पुढच्या बसपर्यंत."

आता आम्ही दोघं कधी बसनं मार्केटला निघालो आणि ड्रायव्हरनं जोरात ब्रेक मारला, की आम्ही दोघंही कान देतो, आणि एकमेकांकडे बघत नाही.